पडद्यावरची बुद्धी आणि वहीतले आकडे

प्रयोगवहीत आकडे भरताना तुम्ही कधी लबाडी केली आहे का? मी केली आहे. बारावीला साध्या लंबकाच्या प्रयोगात माझे उत्तर 941 आले. पुस्तकात 980 होते. मी मुकाट्याने दोन निरीक्षणे बदलली, 978 लिहिले आणि सही घेतली. आज मी भौतिकशास्त्र शिकवतो. ही जुनी गोष्ट सांगायला कारण झाले ते एका तितक्याच जुन्या व्हिडिओ गेमचे.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझी भाची हिंगोलीला आली ती असा एक जुना संच आणि त्याची कॅसेट घेऊन. संच टीव्हीला जोडला आणि पडद्यावर ‘फायनल फँटसी’ उमटले. जपानच्या स्क्वेअर या कंपनीने 1987 च्या डिसेंबरात निन्टेंडोच्या संचासाठी काढलेला हा खेळ 1990 साली अमेरिकेत इंग्रजीतून आला. महाविद्यालयात असताना एका मित्राच्या संगणकावर मी तो खेळलो होतो. चार वीर निवडायचे, राक्षसांशी लढत जगभर फिरायचे. प्रत्येक वीराचे बळ, चपळाई, बुद्धी असे गुण आकड्यांत दिलेले असतात.

मी अनुभवी माणसाच्या थाटात सल्ला दिला, “काळ्या जादूगाराची बुद्धी 20 आहे, तांबड्याची 10. अग्निमंत्र काळ्यालाच दे. त्याचा घाव जबर बसतो.”

भाची म्हणाली, “मामा, हे तुम्ही मोजून पाहिलंय का?”

मोजले नव्हते. मग आम्ही वही घेतली. दोन्ही जादूगारांना एकच अग्निमंत्र शिकवला. राक्षसही एकाच जातीचा ठेवला, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलायची असते. घावाचा आकडा पडद्यावर दिसतो, तो टिपायचा. सुरुवातीला जादूगाराला दोनदाच मंत्र टाकता येतो. मग गावी परतून धर्मशाळेत मुक्काम करायचा आणि पुन्हा निघायचे. असे करत प्रत्येकाचे 30 घाव नोंदवले. आकडे कधी 13, तर कधी 36. परंतु सरासरी काढली तेव्हा दुप्पट बुद्धीचा जादूगार मुळीच पुढे नव्हता!

येथे घाई करू नका. 30 निरीक्षणांवरून ‘बुद्धीचा काहीही परिणाम नाही’ असे सिद्ध होत नाही. ‘परिणाम असलाच तर आमच्या मोजणीत दिसण्याइतका मोठा नाही’, एवढेच म्हणता येते. मात्र या कॅसेटमधील आज्ञावली जाणकारांनी पुढे यंत्रभाषेतून ओळीने वाचली आहे. मंत्राचा घाव ठरवताना बुद्धीचा आकडा कोठेही विचारात घेतलेला नाही, असे तीत स्पष्ट दिसते. पडद्यावर बुद्धी दिसते, पातळीबरोबर वाढतेही, पण मंत्राच्या कामी येत नाही. खेळात अशा आणखीही चुका राहिल्या होत्या. पुढच्या आवृत्त्यांत त्यांतील बऱ्याच दुरुस्त झाल्या. यात हसण्यासारखे काही नाही. अवघी 2 किलोबाइट अंतर्गत स्मृती असलेल्या यंत्रासाठी 256 किलोबाइटांत एक सबंध जग बसवणे सोपे नव्हते.

मग माझ्या हे लक्षात का आले नाही? कारण मंत्र टाकला की राक्षस मरत असे. घावाचे आकडे इतके मागेपुढे होत की मोठा आकडा आला की ‘पाहा, बुद्धीचा प्रताप’ असे वाटे आणि लहान आला की मी तो विसरून जाई. मनाची ही सवय खेळापुरती राहत नाही. ‘अमुक औषधाने गुण आला’, ‘तमुक अंगठीने नोकरी लागली’ या गोष्टींतही आपण असेच जुळलेले तेवढे मोजतो.

म्हणून शास्त्रज्ञ स्वतःवरच पहारा ठेवतात. आपल्याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा व्हायची आहे. केंद्र सरकारने एप्रिल 2023 मध्ये तिला मंजुरी दिली. तिच्या अमेरिकेतील थोरल्या भावंडांची एक कथा ऐका. सप्टेंबर 2010 मध्ये तेथील मोजक्या माणसांनी यंत्रांत गुपचूप एक खोटा संकेत मिसळला. बाकीच्या शेकडो शास्त्रज्ञांनी काही महिने त्याची छाननी केली, शोधनिबंधही तयार केला. मार्च 2011 मध्ये लखोटा उघडला तेव्हा तो खोटा होता हे कळले. पद्धत नीट चालते की नाही, हे त्यांना आधी पारखायचे होते. पहिली खरी लहर सापडली ती 14 सप्टेंबर 2015 रोजी.

आता माझ्या 941 कडे वळू. दोरी मी 24 सेंटिमीटर मोजली होती. लंबकाची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते. गोळ्याची त्रिज्या होती 1 सेंटिमीटर, ती मिळवायची राहिली. पंचविसात एक, म्हणजे 4 टक्के. माझ्या उत्तरातली तूटही बरोबर तेवढीच! चुकीचे उत्तर चूक कोठे आहे ते सांगत होते आणि मीच त्याचे तोंड बंद केले. ही चूक मला कळली ती फार उशिरा, दुसऱ्यांना शिकवताना.

शिक्षक मित्रहो, यात आपलाही वाटा आहे. उत्तर 980 च्या जवळ आले तरच गुण, असे म्हटले की मुले 980 च आणणार. 941 लिहून त्याचे कारण शोधणाऱ्याला आपण जास्त गुण द्यायला हवेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणि विद्यार्थी मित्रहो, खेळ जरूर खेळा. तुमच्या आवडत्या खेळातला, सगळे खरा मानतात असा एक नियम निवडा. बाकी सर्व सारखे ठेवून 30 वेळा मोजा. येतील ते आकडे न खोडता वहीत लिहा.