शहेनशहाचा 'सम्राट' करू नका

इराणवरचे मराठी अनुवाद वाचताना एक शब्द सतत खटकतो : सम्राट. दारयवहू सम्राट, अर्दशीर सम्राट, शापूरही सम्राटच. मूळ पदवीचा अर्थ 'राजांचा राजा'. कुणी म्हणेल, मग बिघडले काय? 'सम्राट' म्हणताच खालचे राजे पुसले जातात, आणि पदवीचा सगळा भार तर त्यांच्यावरच आहे.

बेहिस्तूनच्या शिलालेखात दारयवहू स्वतःला 'ख्शायथिय ख्शायथियानाम्' म्हणवतो. कल्पना त्याची नव्हे. अश्शूरचा तुकुल्ती-निनुर्ता इसवी सनापूर्वी 13व्या शतकातच तसे म्हणवत होता. सासानी काळापर्यंत शब्द झिजून, क्रम उलटून 'शाहान शाह' झाले. नक्श-ए-रुस्तमला पहिल्या शापूरने कोरवलेल्या लेखात त्याचा एक मुलगा अर्मेनियाचा शाह आहे, दुसरा शकांचा. म्हणजे हाताखालचे राजे खरेखुरे होते, काही तर घरातलेच. शिवाय 224मध्ये सत्तेवर आलेला अर्दशीर 'इराणचा' शाहान शाह होता. त्याच्या मुलाने, शापूरने, त्यात 'अन्-इराणचा', म्हणजे इराणबाहेरच्या मुलखाचाही, अशी भर घातली. बापलेकांमधले हे अंतर 'सम्राट'मध्ये कुठे मावते?

'राजाधिराज' अर्थाने चोख, पण मराठी कानाला तो आता ललकारीतला शब्द. 'शहेनशहा' फिल्मी वाटतो, ही सबब तर मुळीच पटत नाही. बुद्धिबळाच्या पटावरचा 'शह' आपण राजकारणात आणला, वर त्याला 'काटशह' जोडला. प्रांताच्या इराणी अधिकाऱ्याचा 'क्षत्रप' नहपानाच्या काळात नाशिकच्या लेण्यांत कोरला गेला. आज वर्तमानपत्रे तो प्रादेशिक पुढाऱ्यांना लावतात. तेव्हा कुणाचे कान दुखत नाहीत.

यापेक्षा घातक युक्तिवाद वेगळाच : 'शाह म्हणजे मूळचा क्षत्रियच, मग संस्कृत शब्द का नको?' ख्शायथिय आणि क्षत्रिय यांचे नाते चुलत भावंडांचे आहे, बापलेकाचे नाही. दुसऱ्याच्या घरातली वस्तू आपलीच म्हणून उचलून आणणे, याला अनुवाद म्हणत नाहीत.

आणि संस्कृतचीच साक्ष हवी असेल तर चौथ्या शतकातली समुद्रगुप्ताची प्रयाग-प्रशस्ती पाहावी. हरिषेणाने वायव्येकडच्या सत्ताधीशांसाठी 'षाहि', 'षाहानुषाहि' हे शब्द तसेच ठेवले. संस्कृत प्रतिशब्द त्याच्यापाशी नव्हता असे नाही. त्याच लेखात आपल्या धन्यासाठी त्याने 'महाराजाधिराज' लिहिले आहे.