‘टास्क’ एकीचा, कोयता जोडीचा

शेण काढणं, चूल पेटवणं, गाईची धार काढणं, डोक्यावरून पाणी आणणं ही कामं इतकी अवघड आहेत की त्यांची स्पर्धा लावता येते, गुण देता येतात आणि जिंकणारीला बक्षीसही देता येतं. हे आपण स्त्री-चळवळीत कितीतरी वर्षं सांगत आलो, पण ते पटवून दिलं एका टीव्हीवरच्या कार्यक्रमाने. ‘जाऊ बाई गावात’ हा कार्यक्रम झी मराठीवर डिसेंबर 2023 ते फेब्रुवारी 2024 या काळात चालला. शहरात, सुखवस्तू घरांत वाढलेल्या तरुणी सातारा जिल्ह्यातल्या बावधन गावात राहायला गेल्या. गावातली रोजची कामं त्यांना ‘टास्क’ म्हणून मिळाली, एकेक जण बाहेर पडत गेली आणि शेवटी रमशा फारुकी विजेती ठरली.

आमच्याकडे नेवाशाला बचतगटाच्या बायका हा कार्यक्रम आवडीने बघत. एखादीच्या हातून भाकरी फाटली की हसत, एखादी रडली की हळहळत. आपल्या काही कार्यकर्त्या मैत्रिणींना मात्र तो खेड्याची टिंगल करणारा वाटला. काहींनी नावावरच बोट ठेवलं: गावात जायचं ते ‘जाऊबाई’ होऊन, म्हणजे शहरातली पोर सून म्हणून पास होते का, हेच तपासायचं! हे आक्षेप मला खोटे वाटत नाहीत. पण माझं म्हणणं थोडं वेगळं आहे. या खेळाने बाईच्या कामाची थट्टा केली त्यापेक्षा एक मोठी गोष्ट त्याने नकळत केली. त्याने प्रत्येक बाईचं काम तिच्या एकटीच्या नावावर मोजलं. आणि नेमकं हेच आपल्याकडच्या कष्टकरी बाईच्या वाट्याला येत नाही.

आधी या खेळाचं मूळ कुठलं ते बघू. चार्ली पार्सन्स या ब्रिटिश निर्मात्याच्या कल्पनेवरून 1997 साली स्वीडनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने ‘एक्स्पेडिशन रॉबिन्सन’ सुरू केलं. काही माणसांना एका बेटावर सोडायचं, अन्न-निवारा जेमतेम द्यायचा, आणि त्यांनीच मतं देऊन एकेकाला बाहेर काढायचं. शेवटी उरेल तो जिंकला. अमेरिकेत 2000 साली त्याचंच ‘सर्व्हायव्हर’ झालं आणि 2012 साली ‘सर्व्हायव्हर इंडिया’ स्टार प्लसवर आलं. पुढे बेटाच्या जागी कुठे बंद घर आलं, कुठे गाव. पण अडचणीत टिकून दाखव आणि बक्षीस ने, हा गाभा तोच राहिला.

स्वीडनच्या त्या पहिल्याच पर्वातली एक गोष्ट आपण विसरू नये. बेटावरून सर्वांत आधी ज्याला बाहेर काढलं गेलं, तो बोस्नियातल्या युद्धातून जीव वाचवून स्वीडनमध्ये आलेला निर्वासित होता. कार्यक्रम पडद्यावर येण्याआधीच त्याने आत्महत्या केली आणि त्यावरून तिथे मोठा वाद झाला. त्यामागची कारणं आपण दुरून ठरवू नयेत. पण खरोखरीच्या संहारातून जो तगला, त्याला तगण्याच्या खेळात पहिल्याच फेरीत नापास केलं जातं, एवढी विसंगती लक्षात ठेवण्यासारखी आहे. खेळातली अडचण ठरवून आणलेली असते. तिला सुरुवात असते, शेवट असतो, नियम असतात. डॉक्टर जवळ असतो. नको झालं तर घरी जाता येतं. खऱ्या अडचणीत यातलं काहीच नसतं.

आता आपल्या तालुक्याकडे या. नेवासे म्हटलं की लोकांना ज्ञानेश्वरी आठवते, पैसाचा खांब आठवतो. दिवाळी सरली की इथे वेगळीच माणसं दिसू लागतात. भेंड्याचा ज्ञानेश्वर कारखाना आणि सोनईचा मुळा कारखाना या दोन धुराड्यांच्या आसऱ्याने ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. कुणी बीडकडून आलेलं असतं, कुणी पाथर्डीकडून. पाचटाने शाकारलेल्या, माणूस वाकूनच आत शिरेल अशा त्या कोप्या. बाई पहाटे तीनला उठते, भाकऱ्या थापते, पाणी भरते, लेकराला पाठीशी किंवा बांधावर ठेवून फडात उतरते. नवरा तोडतो, ती सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीपर्यंत नेते. बऱ्याच टोळ्यांत ती तोडतेही. संध्याकाळी पुन्हा चूल तिचीच. यातलं कुठलंही एक काम ‘टास्क’ म्हणून लावलं तर बघणाऱ्यांचे डोळे पांढरे होतील.

आणि मजुरी? मजुरी ‘कोयत्या’ला मिळते. नवराबायको मिळून एक कोयता. एकटा मजूर असेल तर त्याला म्हणतात अर्धा कोयता. भाषाच बघा ना! दोन माणसं, चार हात, आणि अवजार एक. हंगामाआधीची उचल मुकादम नवऱ्याच्या हातात देतो, हिशोब नवऱ्याशी होतो, फिटली-राहिली तेही त्यालाच सांगितलं जातं. उचल फेडायला मात्र दोघं बांधलेली असतात. म्हणजे कर्ज दोघांचं आणि पैसा एकाचा.

‘जाऊ बाई गावात’ चालू होतं त्याच जानेवारी 2024 मध्ये ऊसतोडणीच्या दरात 34 टक्के वाढीचा करार झाला. ही वाढ लढून मिळाली, तिचं मोल आहेच. पण वाढला तो टनाचा दर. त्या टनातलं बाईचं किती, हा प्रश्न त्या वाढीने सुटला नाही. समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपल्या कायद्यात 1976 पासून आहे. पण जिचं वेगळं वेतनच नाही, तिचं ते कशाशी समान करणार? जोडीचा कोयता हा कायदा मोडत नाही. तो लागू व्हायलाच जागा ठेवत नाही.

मोजणी नाही म्हटल्यावर आजारपणालाही हिशोब नाही. एक दिवस काम चुकलं की खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. पाळी असो, गर्भ असो, बाळंतपण असो. फडात संडास नाही, आडोसा नाही, पुरेसं पाणी नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातात हे 2019 साली गाजलं, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी झालेल्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. दर सहा जणींमागे एक. कामात खाडा नको म्हणून शरीराचा एक अवयवच बाद! स्पर्धेतून बाहेर पडणारी तरुणी टाळ्या घेऊन घरी जाते. इथे बाहेर पडायची मुभा नाही म्हणून हे करावं लागतं.

कुणी म्हणेल, हे ऊसतोडणीवाल्यांचं झालं, बाकीच्यांचं काय? केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी 289 मिनिटं बिनमोल घरकामात घालवतात. जे पुरुष घरकाम करतात त्यांची सरासरी 88 मिनिटं आहे. ही मिनिटं कुठल्या सातबाऱ्यावर, कुठल्या पासबुकात चढतात? शेतकरी संघटनेने नव्वदच्या सुमारास लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम घेतला, तेव्हा जमिनीच्या कागदावर बाईचं नाव यावं म्हणून गावंच्या गावं पुढे आली होती. तेव्हाही मुद्दा हाच होता: राबणारीचं नाव कागदावर असलं पाहिजे.

कोयता वेगळा मोजा म्हटलं की दोन आक्षेप हमखास येतात. पहिला पुरुषांचा: नवराबायकोत फूट पाडता काय? दुसरा बायकांचाच: पैसा शेवटी घरातच येतो ना ताई? पहिल्याला उत्तर सोपं आहे. कारखान्यातल्या दोन भावांचा पगार वेगळा निघाला म्हणून त्यांच्यात फूट पडत नाही. दुसऱ्याचं उत्तर मला बायकांनीच दिलंय. पैसा घरात येतो का दारूच्या गुत्त्यावर जातो, हे ज्याच्या हातात पैसा पडतो तोच ठरवतो, असं कोपीवरची एक बाई मला म्हणाली. यावर मी काय अधिक बोलणार? शिवाय बाई विधवा झाली, टाकली गेली की तिला कळतं, दहा-पंधरा हंगाम तोडूनही आपण नावावर अर्धा कोयतासुद्धा नव्हतो.

म्हणून मला वाटतं, अशा कार्यक्रमांवर बहिष्काराची पत्रकं काढण्यात आपण शक्ती घालवू नये. लोक ते बघणारच. त्याऐवजी तोच खेळ आपण हातात घ्यावा. गटाच्या बैठकीत एक तक्ता करावा. पहाटेपासून रात्रीपर्यंत केलेलं प्रत्येक काम लिहावं, शेजारी लागलेला वेळ, आणि तेच काम पैसे देऊन करून घ्यायचं तर किती पडतील, तेही. आमच्या दोन गटांत हे केलं. बायका आधी लाजल्या, मग यादी संपेना. नवऱ्यांना वाचून दाखवल्यावर काही गप्प बसले, काही चिडले. दोन्ही चांगलंच झालं.

आणि हंगाम सुरू होण्याआधी, उचल वाटली जाते तेव्हाच, मागण्या मांडाव्यात. करारावर बाईचं नाव आणि सही-अंगठा स्वतंत्र असावा. जोडीच्या मजुरीतला निम्मा भाग तिच्या खात्यावर जमा व्हावा. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाचं ओळखपत्र तिला तिच्या स्वतःच्या नावाने मिळावं. पाळी, गरोदरपण आणि आजारपणाचा खाडा बंद व्हावा. कोप्यांजवळ संडास आणि पाणी ही कारखान्याची जबाबदारी ठरावी. यातली एकही मागणी क्रांतिकारक नाही. टीव्हीवरच्या प्रत्येक स्पर्धक तरुणीला हे सगळं पहिल्या दिवसापासून मिळतं: स्वतःचं नाव, स्वतःचे गुण, स्वतःचा मोबदला, आणि थकल्यावर थांबायची सोय.

तुमच्या तालुक्यात कारखाना असेल तर यंदा टोळ्या उतरतील तेव्हा कोप्यांवर जा. मुकादमाला नव्हे, बाईला विचारा: तुझ्या नावावर किती टन? तिला उत्तर देता येणार नाही. ते देता यावं यासाठीच आपल्याला काम करायचं आहे.