नको असलेल्या इशाऱ्यांविषयीं

पावसाळ्यांत नाशकाकडे गंगापूर व दारणा हीं धरणें भरूं लागलीं, कीं नांदूरमधमेश्वरच्या बंधाऱ्यांतून गोदावरींत पाणी सुटतें, आणि आमच्या कोपरगांवीं नदीकांठच्या लोकांस सावधगिरीचा इशारा मिळतो. तो ऐकून माणसें गुरें हलवितात. कारण तो ऊठसूट मिळत नाहीं. शंभर-दोनशें क्यूसेकलाच भोंगा वाजूं लागला, तर खऱ्या पुराच्या रात्रीं कोणी कूसही बदलणार नाहीं.

ही गोष्ट मनांत आली ती आमच्या पुतण्याच्या टेबलापाशीं. चिरंजीव घरीं बसून संगणकाचे प्रोग्राम लिहितात. परवां ते व्हॅलग्रिंड नांवाच्या साधनानें आपला प्रोग्राम तपाशीत होते. जूलियन सीवर्ड यांचें हें साधन २००२ पासून प्रसिद्ध आहे. त्यांतील कॉलग्रिंड हा भाग प्रोग्रामचा कोणता तुकडा किती काम खातो तें मोजतो, तर मेमचेक स्मृतीच्या वापरांतील चुका दाखवितो. पडद्यावर शेंकडों इशारे धांवत होते, आणि बहुतेक सारे दुसऱ्यांनीं लिहिलेल्या, चिरंजीवांनीं केवळ वापरलेल्या भागांविषयीं होते.

“एवढी कटकट करतें, तर तोंड बंद कर कीं त्याचें!” थोरल्या वहिनी म्हणाल्या.

“काकू, असें करतांना एकदां अर्ध्या जगाचीं कुलुपें उघडीं पडलीं आहेत!”

हकीकत खरी आहे. डेबियन ही लिनक्सची प्रसिद्ध आवृत्ति. २००६ सालीं तिच्या एका कार्यकर्त्यानें, व्हॅलग्रिंड कुरकुरतें म्हणून, ओपनएसएसएल या सांकेतिक किल्ल्या घडविणाऱ्या प्रोग्राममधील दोन ओळी निकामी केल्या. माणूस बेफिकीर नव्हता. मूळ कर्त्यांच्या मंडळींत त्यानें आधीं विचारलेंही होतें. परंतु त्यांतील एक ओळ किल्लींत अनिश्चितपणा मिसळणारी होती. ती गेल्यावर किल्ली केवळ चालू कामाच्या क्रमांकावर अवलंबून राहिली, आणि तो क्रमांक त्या काळीं सामान्यतः ३२,७६८ च्या आंतच असे. एका जातीच्या यंत्रावर एका मापाच्या किल्ल्या इतक्याच! चोरानें त्या सर्व आधींच घडवून जुडगा कमरेला लावावा. १३ मे २००८ रोजीं दोष जाहीर झाला, तोंवर दीड वर्षाहून अधिक काळ लोटला होता.

ओळींना हात लावण्याचें कारणच नव्हतें. व्हॅलग्रिंडला एक यादी देतां येते: अमुक प्रकारची तक्रार अमुक भागांतून अमुक वाटेनें आली, तर बोलूं नकोस. प्रोग्राम जसाचा तसा राहतो. कोणती सूट कितीदां लागू पडली, याचा हिशेबही शेवटीं मागून घेतां येतो; तो पाहण्याचा कंटाळा मात्र करूं नये. यादींत वाट मोघम लिहिली, तर तिच्या आडून खरी चूकही निसटते.

चिरंजीवांनीं यादी केली, प्रत्येक सुटीपुढें कारण लिहिलें. शेवटीं दोनच इशारे उरले. त्यांतला एक त्यांच्याच ओळीचा निघाला, आणि ती दुरुस्त होईपर्यंत वहिनींनीं पान दोनदां वाढून झांकून ठेविलें होतें.