सवलतही अल्लाहचीच देणगी

प्लेटलेट म्हटले की नाशिककरांना डेंग्यू आठवतो. पेशी कमी झाल्या की पपईच्या पानांपासून रक्तपेढीपर्यंत धावाधाव होते. पण प्लेटलेट वाढण्याचाही आजार असतो, हे फार थोड्यांना ठाऊक आहे. साधारण दीड ते साडेचार लाख हे प्रमाण योग्य मानतात. लोहाची कमतरता किंवा जंतुसंसर्ग यानेही ते वाढते आणि मूळ कारण बरे झाले की खाली येते. मात्र अस्थिमज्जेतच बिघाड असेल तर आकडा दहा लाखांपलीकडेही जातो. अशा अनेक रुग्णांत ‘जॅक-२’ या जनुकातला बदल आढळतो; २००५ मध्ये त्याचा शोध लागला.

धोका गुठळीचा असतो. ती मेंदूत अडकली तर पक्षाघात, हृदयात अडकली तर झटका. म्हणून धोका पाहून डॉक्टर कमी मात्रेची अ‍ॅस्पिरिन आणि हायड्रॉक्सीयुरियाच्या कॅप्सूल देतात. या कॅप्सूल पेशींची वाढ रोखतात, पण आजार मुळासकट जात नाही. म्हणून औषध वर्षानुवर्षे चालते आणि रक्ततपासणीही नियमित करावी लागते.

हा रुग्ण दिसायला धडधाकट असतो. खरी अडचण तिथेच आहे. रमजानात घरचे, शेजारचे विचारतात, ‘तुला काय झालंय? रोजा का नाही?’ मग संकोचाने माणूस गोळी चुकवतो आणि दिवसभर पाण्याविना राहतो. अंगातले पाणी घटले की रक्त अधिक दाट होते.

आजारी माणसाला कुरआनने स्पष्ट सवलत दिली आहे. बरे झाल्यावर रोजे भरून काढावेत. आजार कायमचा असेल तर फिदिया, म्हणजे एका रोज्यामागे एका गरजूला जेवण. ही पळवाट नव्हे, हाही दीनचाच भाग आहे. रक्त तपासायला दिल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक उलेमा सांगतात.

काहींना इफ्तार आणि सहेरीच्या वेळी औषध घेऊन रोजा ठेवता येईलही. तो निर्णय रमजानपूर्वी डॉक्टरांशी बोलून व्हावा, चौक मंडईतल्या गप्पांत नव्हे. निर्जळी एकादशी करणाऱ्या शेजाऱ्यांनाही हेच लागू आहे.

आपण एवढेच करू या: कुणाला ‘रोजा आहे का?’ असे विचारण्याआधी ‘तब्येत कशी आहे?’ असे विचारू या.