‘कुणीतरी उठवेल की!’

गेल्या थंडीत आमच्या वस्तीत रात्री अडीचच्या सुमाराला एका खोलीला आग लागली. वायर जळाली आणि शेजारच्या कपड्यांच्या बोचक्याने पेट घेतला. लोक ओरडले, कुणी पत्रे बडवले, कुणी दारं ठोठावली. पाच मिनिटांत सगळी गल्ली बाहेर होती. आमच्या गटात येणारी एक मैत्रीण मात्र आत झोपलेलीच होती. ती जन्मापासून कर्णबधिर आहे. नवरा रात्रपाळीला गेलेला. धूर खोलीत शिरायला लागला तेव्हा तिच्या सात वर्षांच्या मुलीने तिला ओढून उठवलं.

कुणाला इजा झाली नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी सगळे विसरले. ती विसरली नाही. पुढच्या बैठकीत तिने वहीत लिहून विचारलं, ‘मुलगी मामाकडे गेली असती तर?’ आमच्यातलीच एक पटकन म्हणाली, ‘अगं, कुणीतरी उठवलंच असतं की!’ मुलीने ते खुणांनी आईला सांगितलं. तिने वहीत एकच शब्द लिहिला, ‘कोण?’

मैत्रिणींनो, त्या प्रश्नाचं उत्तर आमच्यापैकी एकीकडेही नव्हतं.

‘कुणीतरी आहे ना’ हे वाक्य आपल्याला नवं नाही. रात्री एकटी जाऊ नकोस, कुणीतरी सोडेल. पैशाचं तू बघू नकोस, कुणीतरी बघेल. हे वाक्य बाईला सुरक्षित करत नाही, ती दुसऱ्यावर अवलंबून राहील एवढीच व्यवस्था करतं, हे आपण वर्षानुवर्षं शिबिरांतून सांगत आलो. पण कर्णबधिर बाईची गोष्ट आली की तेच वाक्य आपल्या तोंडून किती सहज निघतं! तिची झोप, तिचा जीव हा शेजारणीच्या, सासूच्या, सात वर्षांच्या पोरीच्या भरवशावर. आणि याला आपण सोय म्हणतो.

आग हा तर आपल्या चळवळीच्या अगदी जवळचा विषय. ‘स्टोव्हचा भडका उडाला’ या एका वाक्याखाली किती सुना गाडल्या गेल्या ते आपण पाहिलं. त्या लढ्यातूनच १९८३ साली ४९८-अ कलम आलं, १९८६ साली हुंडाबळीचं कलम आलं. २००९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासाचा अंदाज असा, की २००१ या एका वर्षात भारतात आगीमुळे सुमारे १ लाख ६३ हजार माणसं मेली आणि त्यांत जवळपास ६५ टक्के बायका होत्या. काही घातपात, काही आत्महत्या, काही अपघात. पण चूल, गॅस, नायलॉनची साडी आणि कोंदट स्वयंपाकघर या सगळ्यांच्या मध्ये उभी बाईच असते. मग जिला आगीचा ओरडा ऐकूच येत नाही, तिचा विचार आपण इतकी वर्षं का केला नाही? २०११ च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेले ५० लाखांहून अधिक लोक नोंदले गेले. त्यांतल्या बायका आपल्या मोर्चात दिसत नाहीत, कारण आपलं सगळं कामच आवाजावर चालतं. घोषणा, गाणी, भाषणं. आपणही त्यांना हाक मारली ती ऐकू न येणारीच.

आता साधनाबद्दल बोलू, कारण हा प्रश्न नुसत्या कळवळ्याने सुटणारा नाही.

धुराचा इशारा देणारं यंत्र छताला लावतात. धूर लागला की ते कर्कश वाजतं. बहुतेक यंत्रांचा आवाज ३००० हर्ट्झच्या आसपासचा, म्हणजे फार बारीक पट्टीचा असतो. वय वाढताना आधी जातो तो नेमका हाच बारीक आवाज. म्हणजे ज्या आजीला दिवसा आपलं बोलणं बऱ्यापैकी कळतं, तिलाही हे यंत्र झोपेत जागं करील याची खात्री नाही. श्रवणयंत्र आहे ना, असं कुणी म्हणेल. पण श्रवणयंत्र झोपताना काढून ठेवतात. आगीची सर्वांत मोठी भीती असते ती नेमकी त्याच वेळी.

ऑस्ट्रेलियात डोरोथी ब्रुक आणि इयन थॉमस या संशोधकांनी ऐकू कमी येणाऱ्या प्रौढांना गाढ झोपेतून उठवून पाहिलं. ५२० हर्ट्झच्या जाड, खालच्या पट्टीतल्या आवाजाने ९२ टक्के जागे झाले. गादी किंवा उशीखाली ठेवलेल्या थरथरणाऱ्या यंत्राने ८० टक्क्यांच्या वर. आणि नुसत्या उघडझाप करणाऱ्या दिव्याने फक्त २७ टक्के. ‘बहिऱ्यांसाठी दिवा लावला की झालं’ असं समजणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. मिटलेल्या डोळ्यांना दिव्याचा भरवसा नाही. जिला अजिबात ऐकू येत नाही तिच्यासाठी उशीखालचं यंत्रच हवं, दिवा त्याच्या जोडीला.

बसवतानाही घर पाहून बसवावं लागतं. धूर वर जातो, म्हणून धुराचं यंत्र छताला, पण पंख्यापासून लांब. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो. म्हणून गॅसगळतीचं यंत्र वेगळं आणि खाली, जमिनीपासून थोड्याच उंचीवर. एका खोलीच्या घरात शेगडी आणि अंथरूण यांत चार हातांचं अंतर. तिथे धुराचं यंत्र शेगडीच्या डोक्यावर लावलं तर रोजच्या फोडणीला ते बोंबलणार आणि आठवड्यात कुणीतरी त्याची बॅटरी काढून ठेवणार. ते शेगडीपासून जमेल तितकं लांब, झोपण्याच्या बाजूला हवं. वीज गेली तरी उशीखालचं यंत्र चाललं पाहिजे, म्हणून त्याला बॅटरीचा आधार हवा. महिन्यातून एकदा बटण दाबून पाहायचं. दहा वर्षांनी यंत्र बदलायचं. आणि बसवणाऱ्याने हे सगळं घरातल्या पुरुषाला नाही, त्या बाईला समजावून सांगायचं. खुणांनी, लिहून, चित्र काढून, कसंही.

हल्लीचे काही मोबाइल धुराच्या यंत्राचा आवाज ओळखून थरथरतात. चांगली गोष्ट आहे. पण त्यासाठी आधी घरात यंत्र हवं, मोबाइल चार्ज हवा, आणि मुख्य म्हणजे तो तिच्या उशाशी हवा. आपल्या वस्तीत घरातला चांगला मोबाइल कुणाच्या खिशात असतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

आमच्या मैत्रिणीने यंत्र बसवायचं ठरवलं तेव्हा पहिली हरकत घरमालकाची. छताला भोक पाडायचं नाही. दुसरी सासूची. आम्ही आहोत की, एवढा खर्च कशाला? सासू वाईट बाई नाही. पण ती सहा महिने गावी असते. तिसरी हरकत आमच्याच गटातून आली. जिथे पाण्याचा नळ नाही तिथे हे चोचले कशाला? त्यावर मला एवढंच म्हणायचं आहे. नळ सगळ्यांना हवा म्हणून आपण एकत्र भांडतो. पण आग लागल्याची बातमी सगळ्यांना मिळते आणि एकीलाच मिळत नाही, हा चैनीचा प्रश्न नव्हे. तो समतेचा प्रश्न आहे.

कायदा तिच्या बाजूने आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ याचं आठवं कलम संकटाच्या प्रसंगी समान संरक्षण द्यायला सांगतं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने जिल्ह्यातल्या दिव्यांगांची नोंद ठेवावी आणि धोक्याची सूचना त्यांच्यापर्यंत पोचवण्याची व्यवस्था करावी, असंही त्यात आहे. चौथं कलम दिव्यांग स्त्रियांचा वेगळा उल्लेख करतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजीव रतुरी खटल्यात सांगितलं, की सुगम्यतेचे नियम नुसते मार्गदर्शक असून चालणार नाहीत, ते सक्तीचे हवेत. केंद्राच्या अ‍ॅडिप योजनेतही कर्णबधिरांसाठी केवळ श्रवणयंत्र नाही, इशारा देणाऱ्या साधनांचाही उल्लेख आहे. पण शिबिरात कानाला यंत्र लावून फोटो काढला की काम संपतं. न मागितलेली वस्तू कुणी आणून देत नाही.

ब्रिटनमध्ये अनेक ठिकाणी अग्निशमन दलाची माणसं घरी येऊन पाहणी करतात आणि कर्णबधिर व्यक्ती असेल तर उशीखालचं यंत्र आणि दिवा विनामूल्य बसवून देतात. म्हणजे हे जमण्यासारखं आहे. आपल्या महापालिकांना अग्निशमन सप्ताहात शाळेत जाऊन प्रात्यक्षिक करता येतं, तर दहा कर्णबधिर बायकांच्या घरी जाता का येऊ नये?

सुरुवात मात्र आपल्याच घरापासून करू या. आपल्या संस्था निवारागृहं चालवतात, नोकरदार बायकांची वसतिगृहं चालवतात. तिथे रात्री आग लागली तर ऐकू न येणारी बाई कशी उठेल, हे आपण कधी पाहिलं आहे का? मारहाण सोसून, घर सोडून ती आपल्याकडे येते आणि आपण तिला पुन्हा ‘कुणीतरी उठवेल’ याच भरवशावर झोपवतो. प्रत्येक निवारागृहात निदान एका खाटेला असं यंत्र असायला हवं. प्रत्येक गटाने आपल्या वस्तीतल्या कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्या बायकांची यादी करावी. त्यांना विचारून, त्यांना सोबत घेऊन जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज द्यावा. त्यात आठव्या कलमाचं नाव लिहावं, साधनाचं नाव लिहावं आणि पोच घ्यावी.

आमच्या मैत्रिणीच्या घरी यंत्र लागलं. गटाच्या भिशीतून अर्धे पैसे, अर्धे तिचे शिवणकामाचे. छताला भोक न पाडता, चिकटपट्टीवर. पहिल्या दिवशी बटण दाबल्यावर उशी थरथरली तेव्हा ती दचकली आणि मग मोठ्याने हसली. या सुट्टीत मुलगी महिनाभर मामाकडे राहिली. मैत्रिणीने मला वहीत लिहून दाखवलं, ‘पहिल्यांदाच घरात एकटी झोपले. झोप लागली.’

एवढीच तर मागणी आहे. घरात एकटीला निर्धास्त झोप लागण्याचा हक्क. तिच्या ‘कोण?’ला आपण उत्तर देणार आहोत, की पुढच्या आगीची वाट पाहणार आहोत?