लंपनला आईनं का दिलं?

कऱ्हाड आणि पेठ नाका यांच्या मधलं आमचं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीच्या वाचनालयात शनिवारी सकाळची शाळा सुटली की सातवी-आठवीच्या बारा-पंधरा मुली जमतात. मी त्यांना मोठ्यानं पुस्तक वाचून दाखवते. नोकरीतून निवृत्त झाल्यापासूनचा हा माझा उद्योग. गेल्या पावसाळ्यात आम्ही प्रकाश नारायण संतांचं ‘वनवास’ वाचायला घेतलं. पोरी खूप हसल्या. लंपनचं बोलणं त्यांच्या तोंडी बसलं. मग एका शनिवारी मागं बसणाऱ्या एका मुलीनं मान वर न करता विचारलं, “बाई, पर त्याला आईनं दिलं का?”

मी म्हटलं, आजी-आजोबांकडं राहायला पाठवलं. ती म्हणाली, “पाठवलं म्हंजी दिलंच की. त्याला कुणी सांगितलं न्हाई का?”

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. ते द्यावं म्हणून हा लेख लिहिते आहे.

संतांचं खरं नाव भालचंद्र गोपाळ दीक्षित. इंदिरा संतांचा हा मुलगा कऱ्हाडला भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक होता. ‘वनवास’ १९९४ साली पुस्तकरूपानं आलं, त्यानंतर ‘शारदा संगीत’, ‘पंखा’ आणि शेवटी ‘झुंबर’. २००३ साली संत गेले. ही पुस्तकं कथासंग्रह म्हणून छापली गेली, पण चारही मिळून मला ती एका मुलाची कादंबरीच वाटतात. आई-बाबा आणि भावंडं एका गावात, हा दुसऱ्या गावात आजी-आजोबांजवळ. प्रेमाला काही कमी नाही. तरी आपण इथं का आणि ते तिथं का, हे त्याला समोर बसवून कुणी सांगत नाही. मोठ्यांच्या अर्धवट बोलण्यावरून त्याचं तो जुळवत राहतो. लहान मूल घरातलं गुपित कसं शोधतं, ते मराठीत इतकं खरं फार थोड्यांनी लिहिलं आहे. मूल कपाटं उघडत नाही की पत्रं चोरत नाही. आपण आल्यावर कोण गप्प झालं, एवढंच ते लक्षात ठेवतं.

पण त्या मुलीचा प्रश्न लंपनपुरता नव्हता. पुढच्या शनिवारी तिनंच सांगितलं, “आमचं पप्पा मुंबईला हायत म्हणत्यात. पर त्यांचा फोन कदीच कसा लागत न्हाई?” बाकीच्या मुली खाली बघू लागल्या. त्यांना ठाऊक होतं. गावाला ठाऊक होतं. बापाचा दुसरा संसार मुंबईत नाही, तीस किलोमीटरवर आहे. ठाऊक नव्हतं ते तिला एकटीला, आणि तेही खरं नसावं. तिला कळलेलं होतं. ते म्हणायची परवानगी नव्हती.

मैत्रिणींनो, आपल्या भागात ही काही अपवादाची गोष्ट नाही. कासेगावच्या इंदुताई पाटणकरांनी आणि स्त्री मुक्ती संघर्ष चळवळीनं ऐंशीच्या दशकात परित्यक्तांचा प्रश्न सांगली-सातारच्या गावागावांत नेला. तेव्हा शेकडो बायका पहिल्यांदा चारचौघांत म्हणाल्या की आम्हाला टाकलं आहे. रेशनकार्ड आमच्या नावानं द्या, पोटगी द्या, राहायला घर आणि कसायला जमीन द्या, या मागण्या त्यातून आल्या. तोवर त्या सगळ्या ‘माहेरी आलेल्या’ होत्या, आणि त्यांची पोरं ‘मामाकडं शिकायला’ होती. या मामाकडच्या पोरांच्या डोळ्यांनी लिहिलेली मराठी कादंबरी माझ्या पाहण्यात नाही. श्री. ना. पेंडशांची ‘रथचक्र’ आहे. नवरा घर सोडून गेलेली बाई एकत्र कुटुंबातून पोरांना घेऊन बाहेर पडते, त्यांना शिकवते. मोठी कादंबरी आहे ती. पण ती आईच्या बाजूनं आहे, आणि त्या आईला लेखकानं नावही दिलेलं नाही.

आपल्याकडची याहून गाजलेली कादंबरी घ्या. वि. स. खांडेकर सांगलीत जन्मले. ते मूळचे गणेश आत्माराम. अठराव्या वर्षी दत्तक गेले आणि विष्णू सखाराम झाले. त्यांच्या ‘ययाति’त (१९५९) घरातली गुपितं सुरुवातीपासून आहेत. थोरला भाऊ यती घर सोडून पळाला आहे, बापाला शाप आहे, आणि धाकट्या ययातीला हे सारं उशिरा कळतं. पुढं शर्मिष्ठा आपल्या पुरूला दूर, लपवून वाढवते. कादंबरीत तिघं बोलतात, ययाती, देवयानी आणि शर्मिष्ठा. ज्याचा बाप कोण हेच गुपित आहे आणि शेवटी ज्याचं तारुण्य मागितलं जातं, तो पुरू आपली कहाणी सांगत नाही. कॉलेजात असताना वाचलं तेव्हा माझ्या हे ध्यानातही आलं नव्हतं. आता येतं, कारण मीही त्याच जागी बसलेली मुलगी होते.

आमच्या घरात मागच्या सोप्यात आक्का राहायच्या. त्यांना आम्ही पोरं वडलांची लांबची बहीण समजत होतो. त्यांचा नवरा मुंबईला गिरणीत आहे असं सांगितलं जाई. त्या कुंकू लावत, गळ्यात काळी पोत घालत, आणि वटपौर्णिमेला सगळ्या बायका परतल्यावर एकट्याच वडाला जाऊन येत. माझी वेणी त्याच घालायच्या. मी नऊ वर्षांची असताना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला आमच्याकडं परगावची एक म्हातारी आली. तिला आमच्या घरचं काही ठाऊक नव्हतं. सगळ्या सुनांची नावं घेऊन झाल्यावर ती आक्कांना म्हणाली, “तू गं का मागं? घे की नाव.” बायका एकदम गप्प झाल्या. आक्का तिळगुळाचं ताट घेऊन उभ्या होत्या. त्यांनी उखाणा घेतला, आणि नाव घेतलं ते माझ्या वडलांचं.

रात्री आई मला म्हणाली, “तू काही ऐकलं नाहीस.” मी बरं म्हटलं. पुढची वीस वर्षं मी काही ऐकलं नव्हतं.

हळूहळू कळलं ते असं. आक्कांना मूल झालं नाही म्हणून सात वर्षांनी, १९६१ साली, वडलांनी माझ्या आईशी लग्न केलं. आई सोळा वर्षांची होती. पहिली कायमची माहेरी गेली, असं तिच्या माहेरच्यांना सांगितलं होतं. ती नांदायला आली तेव्हा चुलीपुढं आक्का बसलेल्या होत्या. म्हणजे हे गुपित आधी माझ्या आईपासूनच लपवलेलं होतं. मग तेच राखायचं काम तिच्या गळ्यात आलं. घराची अब्रू म्हणतात ती अशी एका बाईकडून दुसरीकडं, आणि तिच्याकडून नऊ वर्षांच्या पोरीकडं सोपवली जाते. वडलांना कधी काही लपवावं लागलं नाही. ते ओट्यावर पान खात बसत.

वडील गेले तेव्हा मी शिकलेली, नोकरी करणारी, मोर्च्यांत घोषणा देणारी बाई होते. वारसनोंदीच्या वेळी विचारणा झाली, आणखी कोणी वारस? भाऊ म्हणाला, नाही. नोंदीत आई, आम्ही दोघी बहिणी आणि दोघं भाऊ लागलो. आक्का आत भाकरी करत होत्या. मी गप्प बसले. महिन्यानं भावांनी आम्हा बहिणींपुढं हक्कसोडपत्र ठेवलं, तेव्हा मात्र मला अन्यायाची जाणीव झाली! सही मी केली, पण वर्षभर रागावून होते. आक्कांसाठी मी एक दिवसही रागावले नव्हते.

कायदा नंतर नीट वाचला. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानुसार पहिली बायको हयात असताना केलेलं दुसरं लग्न बेकायदा ठरतं. म्हणजे पत्नी म्हणून वारस होत्या त्या आक्का. माझी आई नव्हती. आम्हा मुलांना कायदा औरस मानतो, आणि १ सप्टेंबर २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतल्या बापाच्या वाट्यातही अशा मुलांचा हक्क मान्य केला. आमचं काही जाणार नव्हतंच. खरं सांगितलं असतं तर आक्कांना त्यांचं मिळालं असतं, आणि आईला आम्ही पोरांनी आमच्या वाट्यातून दिलं असतं. पण आमच्या घरात खऱ्याची भीती होती ती लोक काय म्हणतील याची नव्हती. सातबाऱ्यावर एक नाव वाढेल, याची होती. आक्का २००१ साली वारल्या. पिंडदानाला मात्र त्यांना ‘थोरली आई’ म्हटलं गेलं.

म्हणून मला वाटतं, घरातल्या गुपिताबद्दल मुलांनी काही वाचावं की नाही या वादाआधी एक प्रश्न विचारावा. हे गुपित कुणाला वाचवतं? शर्मिष्ठेनं लपवलं ते मुलाचा जीव वाचावा म्हणून. एखाद्या बाईवर अत्याचार झाला असेल, तिला कधी मूल सोडून यावं लागलं असेल, तर ते कुणाला आणि केव्हा सांगायचं हा तिचा अधिकार आहे. ते उकरून काढायचा हक्क तिच्या मुलालाही नाही. पण आक्कांचं गुपित आक्कांचं नव्हतंच. त्यांनी तर चारचौघींत नाव घेऊन ते मोडलं होतं. ते राखलं आम्ही, आमच्या फायद्यासाठी.

काही मैत्रिणी म्हणतात, लहान पोरींच्या मनावर असल्या गोष्टींचा परिणाम होतो. परिणाम तर आधीच झालेला असतो. आपल्या सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११मध्ये नकुशी, नकोशी अशी नावं असलेल्या २८५ मुलींना जिल्हा परिषदेच्या कार्यक्रमात नवी नावं दिली गेली. चांगलं काम झालं. २००१च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलांमागे साताऱ्यात ८७८ आणि सांगलीत ८५१ मुली होत्या, त्या जिल्ह्यांत हे व्हायलाच हवं होतं. पण त्या मुलींना आपल्या नावाचा अर्थ काय पुस्तकातून कळला होता? शाळेत रोज हजेरी घेतली जात होती. त्या रोज ‘हजर’ म्हणत होत्या. नाव बदलता येतं. ते का ठेवलं होतं, हा प्रश्न मुलीच्या मनात राहतोच. त्याचं उत्तर घरात कुणी देत नाही, म्हणून ती आपणच देते, आणि ते बहुतेक वेळा ‘माझंच काही चुकलं’ असं असतं. गोष्टीतलं पोर तोच प्रश्न विचारताना दिसलं की तिला कळतं, आपण एकट्या नाही आणि चूक आपली नाही. एवढं एक पुस्तक करू शकतं. त्याहून जास्त करू शकतं असं मी म्हणत नाही.

त्या मुलीची आई पुढच्या आठवड्यात माझ्या दारात आली. “बाई, तुमी पोरीच्या डोस्क्यात काय भरवताय?” मी तिला आत बसवलं. तिचं रागावणं रास्त होतं. सांगायचं तर ते तिनं सांगायचं, मी नव्हे. मी कायद्याबियद्याचं काही बोलले नाही. आक्कांची गोष्ट सांगितली, वारसनोंदीच्या दिवसासकट. ती बराच वेळ बसली. जाताना एवढंच म्हणाली, “म्हंजी तुमास्नी सगळं ठावं हुतं, आनी तुमी बोलला न्हाई.” इतक्या वर्षांत मला हे कुणी म्हटलं नव्हतं.

मुलगी अजून शनिवारी येते. घरी काय बोलणं झालं ते मी विचारलेलं नाही. १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आता आईचं नाव बापाच्या आधी येतं. ही पोर त्याआधीची. तरी परवा वाचनालयाच्या वहीत तिनं आपल्या नावापुढं आईचं नाव लिहिलं आणि पुढची जागा कोरी ठेवली.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्यातल्या लिहित्या हातांना माझं मागणं आहे. मामाकडं वाढलेल्या, नकुशी म्हणून हजेरी दिलेल्या, हळदीकुंकवात काही ऐकून गप्प बसलेल्या मुलींच्या कादंबऱ्या लिहा. लेखिका नसाल तर दोन पानं लिहून पाठवा. नावं बदला. ज्यांचं गुपित आहे त्या हयात असतील तर आधी त्यांना विचारा. मी आक्कांना विचारू शकत नाही, पण त्यांनी आपलं उत्तर त्या संक्रांतीलाच देऊन ठेवलं होतं असं मी धरून चालले आहे.