ग्रंथपाल होणे म्हणजे वाट संपणे नव्हे



‘शाळेतला ग्रंथपाल आयुष्यभर तिथेच अडकतो’ हे मागील अंकातील पत्रलेखकाचे विधान निम्मेच खरे आहे. अडकवते ते पटसंख्येचे गणित. आपल्याकडे माध्यमिक शाळेत हजारावर विद्यार्थी असतील तर पूर्णवेळ ग्रंथपाल, पाचशे ते हजार असतील तर अर्धवेळ. वीस-वीस वर्षे अर्ध्या पगारावर काढलेली माणसे मी पाहिली आहेत. पुस्तके मात्र कुणी अर्धी मागत नाही! वर परीक्षेच्या बैठकव्यवस्थेपासून बदली तासापर्यंत सगळे त्यांच्याच गळ्यात.

पण त्यासाठी ग्रंथालयशास्त्र या विषयालाच बोल लावू नये. प्रमाणपत्र अभ्यासक्रमावर थांबलेल्याची वाट खुंटते, हे मान्य. बी.लिब. केलेल्याला केंद्रीय विद्यालयांची भरती खुली असते, आणि तिथले वेतन शिक्षकाच्या तोडीचे असते. एम.लिब.ला ५५ टक्के आणि नेट किंवा सेट असेल, तर महाविद्यालयाचे ग्रंथपालपद मिळवता येते. पत्रलेखक म्हणतात, आधी शिक्षक व्हा. पण भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन आधी गणिताचे प्राध्यापकच होते. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले, सुरुवातीला कंटाळलेही, पण परतले नाहीत.

माझ्या हाताखाली शिकलेली एक मुलगी आज वृत्तपत्राचा संदर्भ विभाग सांभाळते. सूची करण्याची सवय तिला शाळेच्या दाखल-नोंदवहीनेच लावली. तेव्हा तरुणांना परावृत्त करण्याऐवजी पत्रलेखकांनी अर्धवेळ पदांविरुद्ध शिक्षण विभागाला लिहावे. खाली सही करायला मी तयार आहे.

– एक निवृत्त शालेय ग्रंथपाल, सातारा